नावेला कुलूप

माझी पहिली सायकल मी हप्त्यानं घेतली आणि आमची नाव हप्त्यानं विकली, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. सायकलीची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. नातवंडांना ती इतकी पाठ आहे की मी तोंड उघडलं की तीच पुढचं म्हणून दाखवतात. नावेची गोष्ट मात्र मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. ज्यांना ती माहीत होती ती माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा गप्प बसलो तरी कुणी विचारणार नाही. पण हल्ली दुपारी डोळा लागता लागता ती आठवते आणि झोप उडते, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमचं घर रावेतला, पवनेच्या काठावर. आज तिथं उंच इमारती आहेत. एकोणीसशे पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा तिथं बाजरी, ज्वारी, बाभळी आणि आम्ही, एवढंच होतं. आमचा एक तुकडा नदीपलीकडं होता. पावसाळ्यात तिकडं जायची पंचाईत व्हायची, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, सागवानी फळ्यांची एक नाव बांधून घेतली होती. बैल सोडून बाकी सगळं तिच्यातून जायचं. मग चुलत्यांशी वाटण्या झाल्या, पलीकडचा तुकडा त्यांच्याकडं गेला आणि नाव आमच्याकडं राहिली. ती दोन वर्षं घराखालच्या घाटावर करंजाखाली पालथी पडून होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या.

मला त्याच वर्षी पिंपरीला नोकरी लागली होती. तेव्हा तिथं एकदोन कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. गावात कंपनीत जाणारा मी पहिलाच. रावेतहून आकुर्डीवरून पिंपरीपर्यंत रोज पायी जाणं व्हायचं नाही, म्हणून पुण्यात लष्करातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, एका दुकानातून सायकल घेतली. थोडे पैसे आधी, बाकी दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत. दुकानदारानं एक छापील कागद दिला. त्यात कलमं होती. हप्ता चुकल्यास सायकल दुकानात जमा, दिलेली रक्कम परत मिळणार नाही, पूर्ण पैसे फिटेपर्यंत सायकल शहराच्या हद्दीबाहेर नेऊ नये, वगैरे. तो कागद मला सायकलीपेक्षाही आवडला होता. संध्याकाळी आल्यागेल्याला मी तो वाचून दाखवायचो. आबांच्या सगळ्या हयातीत त्यांना असा छापील कागद कुणी दिला नव्हता आणि मला चोविसाव्या वर्षी मिळाला होता, अशी एक हवा डोक्यात गेली होती. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस म्हणजे काय ते गावानं बघावं, असं मला वाटायचं. गाव आपलं बाजरीच्या नादात होतं.

वैशाखात एक नावाडी आबांना भेटायला आला. तो मूळचा चिखलीकडचा, इंद्रायणीवरचा. तिथली घरची नाव थोरल्या भावाकडं होती आणि दोघांच्या बायकांचं पटेना, म्हणून तो वेगळा होऊन आमच्या बाजूला आला होता. आमच्या घाटावरचा म्हातारा नावाडी मागच्या थंडीत वारला होता. त्याला मूलबाळ नव्हतं आणि त्याची नावही कुजून गेली होती. दोन्ही काठांवरच्या तीन गावांनी या नव्या माणसाला सांगितलं होतं, मृगाआधी नाव घेऊन ये, घाट तुझा.

घाट तुझा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडं नावाडी गावकऱ्यांकडून पैसा घ्यायचा नाही. पावसाळाभर तो ने-आण करायचा, हाक येईल तेव्हा. पैसा द्यायचा फक्त परगावच्या माणसानं, एक आणा. गावानं द्यायचं ते खळ्यावर. दिवाळीच्या सुमारास बाजरीची मळणी व्हायची, शिमग्याच्या आगेमागे ज्वारीची, तेव्हा नावाडी पोतं घेऊन खळ्याखळ्यावर जायचा आणि प्रत्येकजण त्याच्या पोत्यात त्याचं बलुतं घालायचा. त्यावर त्याचं वर्ष निघायचं. अट एकच होती. पावसाळ्यात नाव बंद पडता कामा नये. नाव बंद पडली तर गावं दुसरा नावाडी बघायला मोकळी होती आणि मग खळ्यावर जाऊन पोतं पसरायचा हक्क राहायचा नाही. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर फार बरं झालं असतं.

नावाडी आबांपुढं ओट्याखाली बसला. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. काळा, सडपातळ, हाताचे पंजे अंगाच्या मानानं मोठे. बोलताना तो माणसाकडं न बघता नावेकडं बघत होता.

"आबा, नाव चांगली हाय. येक फळी बदलाया लागंल. डांबर मी करीन. किंमत काय म्हंता?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. नाव त्यांनी मला दिली होती. लग्न झालंय, नोकरी लागलीय, दोन पैसे गाठीला असू दे, असं त्यांचं म्हणणं. मला मनगटी घड्याळ घ्यायचं होतं. तेव्हा कंपनीत आमच्या खात्यात दोघांकडंच घड्याळ होतं आणि ते दोघं वेळ बघताना हात असा काही वर करायचे की अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी एकशे ऐंशी सांगितले. त्यानं घासाघीस केली नाही. म्हणाला, "साठ आत्ता देतो. निम्मं ऱ्हायलेलं बाजरीच्या खळ्यावर, निम्मं ज्वारीच्या. धान्य इकून रोख आणून देतो. आबा, तुमी बैल इकता तसंच."

हे खरं होतं. आमच्याकडं बैल सुगीच्या बोलीनं विकायची रीत होती. घेणाऱ्यानं खळ्यावर पैसे द्यायचे आणि तोवर देणाऱ्यानं विषय काढायचा नाही. पण मला ते गावठी वाटलं. मी म्हणालो, "हप्ते दर महिन्याला. दहा रुपये. दहा तारखेच्या आत."

"महिन्याला?" नावाड्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, मला महिन्याला कोन देतंय?"

"परगावची माणसं आणा देतात ना?"

"देत्यात. पन ती आली तर."

तो गेल्यावर आबा मला म्हणाले, "हे बघ. रोख मिळत आसंल तर रोख घे आन् मोकळा व्हय. न्हाई तर त्याच्या सुगीवर सोड. पन त्याचं पीक येतंय वर्सातनं दोनदा आन् तू मागतुयास बारा येळा, हे कसं जमायचं?"

मी त्यांना सायकलीचं उदाहरण दिलं. आबा म्हणाले, सायकल मला नको सांगू. मग ते बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यांना वाद घालता येत नसे असं मी तेव्हा समजत होतो.

नावाड्याला दुसरी नाव मिळण्यासारखी नव्हती आणि मृग तोंडावर आला होता. आठवड्यानं तो साठ रुपये घेऊन आला आणि महिन्याच्या हप्त्याला कबूल झाला. ते साठ त्याच्या बायकोच्या चांदीचे होते. ती बरोबर आली होती, जरा लांब उभी होती, आणि तिच्या पायांवर वाळे घासून पडलेल्या पांढऱ्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. मी त्या पाहिल्या. पाहिल्या नाहीत असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय, पण पाहिल्या.

मग मी कागद केला. आता इथं मला हसूही येतं आणि तोंड लपवावंसंही वाटतं. मी सायकलीचा छापील कागद समोर ठेवला आणि ओळीनं उतरवून काढला, फक्त सायकल असेल तिथं नाव घातली. हप्ता चुकल्यास नाव मालकाकडं जमा. दिलेली रक्कम परत नाही. पूर्ण पैसे फिटेपर्यंत नाव गावच्या हद्दीबाहेर नेऊ नये. मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. आबा सुपारी कातरत होते, ते थांबले.

"हद्द नदीच्या मधोमध हाय," ते म्हणाले. "म्हंजी त्यानं अर्ध्यातनं माघारी फिरायचं का?"

नावाडी हसला, आबा हसले, लांब उभी असलेली ती बाईही तोंडाला पदर लावून हसली. माझे कान तापले. मी ते कलम खोडलं, पण इतक्या रागानं की कागद फाटला. त्या फाटक्या जागेच्या खाली नावाड्यानं अंगठा उठवला. तोवर तो मला भाऊ म्हणत होता. अंगठा पुसता पुसता म्हणाला, "येतो मालक." आणि मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करत होतो. दहा वर्षांनी मोठ्या माणसाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही.

त्यानं नाव उलथून घेतली, कोंबड्या हाकलल्या, फळी बदलली, फटीत काथ्या ठोकला आणि डांबर दिलं. आठवडाभर आमच्या अंगणात डांबराचा वास होता. मृगात नाव पाण्यात गेली. मी कामाला सायकलीनं जायचो तेव्हा घाटावरून दिसायची. मला वाटायचं, अजून माझीच आहे.

जूनचा हप्ता त्यानं आठ तारखेला दिला. लग्नसराई संपत आली होती, परगावची माणसं येत-जात होती. जुलैचा दहाला दिला, सगळी चिल्लर, आणि त्यातले काही आणे ओले होते. मग श्रावणात पाऊस जो लागला तो थांबेना. पवना लाल होऊन वाहायला लागली. परगावचं माणूस त्या पावसात कशाला येतंय? नदी ओलांडायचे ते गावचेच. कुणाचं दूध, कुणाचं औषध, कुणाची माहेरवाशीण. नावाडी दिवसभर पाण्यात होता आणि त्याच्या हातात पैसा नव्हता.

ऑगस्टच्या दहा तारखेला संध्याकाळी तो घरी आला. त्यानं चार रुपये माझ्यासमोर ठेवले आणि पदराला बांधून आणाव्यात तशा धोतराच्या सोग्यात बांधून आणलेल्या पाचसहा काकड्या ठेवल्या.

"मालक, या पावसानं हात बांधल्यात. येवढं घ्या. बाकीचं बाजरीच्या खळ्यावर, पुडच्या दोन हप्त्यांसकट देतो. येक पैसा ठिवनार न्हाई."

त्या दिवशी सकाळी मी कामावर उशिरा पोचलो होतो. आकुर्डीच्या ओढ्याला पाणी होतं, सायकल खांद्यावर घेऊन पार करावी लागली. फाटकावरच्या साहेबानं माझा अर्धा दिवस कापला. मी ओढ्याचं सांगितलं तर म्हणाला, ओढा कंपनीचा नाही. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात ठणकत होतं. तो साहेब माझ्यासमोर असता तर मी काय बोललो असतो हे मी दिवसभर मनात जुळवत होतो, आणि संध्याकाळी माझ्यासमोर आला तो हा.

मी म्हणालो, "पाऊस माझा नाही."

मी चार रुपये त्याच्याकडं सरकवले, आतून धान्याच्या खोलीचं पितळी कुलूप काढलं आणि घाटावर गेलो. तो माझ्या मागून येत होता. मी नावेची साखळी करंजाच्या बुंध्याला वळसा घालून कुलपात अडकवली आणि दोन्ही वल्ही खांद्यावर टाकली. तेव्हा तो म्हणाला, "मालक, पावसाळ्यात नावंला कुलूप लावीत न्हाईत."

हेही खरं होतं. म्हातारा नावाडी रात्री घरी जाताना वल्ही नावेतच ठेवायचा. कुणाला सर्प चावला, कुणी अडली, तर नावाड्याला उठवायला वेळ नसेल तेव्हा ज्याला येतं त्यानं नाव घेऊन जावी. सकाळी नाव पलीकडं सापडली तर नावाडी पोहत जाऊन आणायचा आणि कोण गेलं होतं म्हणून विचारायचाही नाही. माझ्या माहितीत त्या घाटावर नावेला कुलूप कधी लागलं नव्हतं. मी लावलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडून हाका यायला लागल्या. "नाऽऽव!" अशी हाक असायची, लांब ओढलेली. आमच्या ओट्यावर ती स्वच्छ ऐकू यायची. आधी एक माणूस हाक मारायचा, मग दोघं, मग गप्प व्हायची. माझी बायको भाकऱ्या थापता थापता थांबायची आणि माझ्याकडं न बघता पुन्हा थापायला लागायची. वल्ही दाराआड उभी होती.

नावाडी रोज घाटावर यायचा. घोंगडं पांघरून कुलूप लावलेल्या नावेत बसायचा आणि पलीकडच्या माणसांना हातानं नाही म्हणून खुणवायचा. आणि एका डब्यानं नावेतलं पाणी उपसायचा. पाऊस एवढा होता की पाणी काढलं नसतं तर नाव दोन दिवसांत भरून बुडाली असती. कामावर जाताना मी त्याला बघायचो, परत येताना बघायचो. तो पाणी उपसतच असायचा. कागदाप्रमाणं नाव त्या वेळी माझी होती, म्हणजे तो माझी नाव वाचवत होता. मला हे तेव्हाच कळत होतं आणि त्यामुळं माझा राग जास्तच वाढायचा. आपण चुकतोय हे कळत असताना जो राग येतो त्याच्याइतका वाईट राग मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला. किल्ली मागत होते.

मी म्हणालो, "आबा, कागद झालाय."

त्यांनी हात मागं घेतला. एखाद्याच्या ताटातलं चुकून उचलावं आणि लक्षात आल्यावर परत ठेवावं, तसा. त्यानंतर ते आणखी वीस-बावीस वर्षं जगले, पण माझ्यापुढं त्यांनी पुन्हा कशासाठी हात केला नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा पाणी हवं असलं तर सुनेला सांगायचे.

आता जे सांगायचं ते मी सगळ्यात मागं ठेवत आलोय. जुलैचा माझा स्वतःचा सायकलीचा हप्ता चुकला होता. पगार झाला, त्यातून बायकोला लुगडं घेतलं, एकदोघांना चहा पाजला आणि लष्करातल्या दुकानात गेलो तो बावीस तारखेला, तोही निम्मेच पैसे घेऊन. वाटेत सगळी कलमं मला पाठ म्हणता येत होती. दुकानदारानं पैसे मोजले, वहीत लिहिलं आणि म्हणाला, "राहिलेले पुढच्या वेळी आणा, साहेब. चाकात हवा कमी आहे, भरून घ्या." एवढंच. शहराच्या हद्दीचं कलमही त्यानं पहिल्याच दिवशी माझ्यासाठी खोडलं होतं, कारण मी राहायलाच हद्दीबाहेर होतो. म्हणजे ज्या कागदावरून मी नाव अडवली तो कागद ज्याचा होता, त्यानंही तो कधी तसा वापरला नव्हता. हे मी आबांना सांगितलं नाही, बायकोला नाही, आणि नावाड्याला तर नाहीच.

अकरा दिवस कुलूप होतं. बाराव्या दिवशी सकाळी नावाडी आला आणि त्यानं दहा रुपये ओट्यावर ठेवले. दोन नोटा, कोऱ्या. त्यांच्याकडं एक दुभती शेळी होती, ती विकली होती. त्याच्या धाकट्या पोराला त्या शेळीचं दूध होतं, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. मी नोटा घेतल्या. कुलूप काढलं, ते काढून साखळीतच लटकत ठेवलं, वल्ही त्याच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावली आणि नावेत ठेवली.

तो लगेच नदीत उतरला नाही, हे मला दिसलं होतं. पण मला कामावर जायची घाई होती.

कारण उघड होतं. पलीकडच्या दोन्ही गावांनी आठव्या-नवव्या दिवशी बसून खालच्या अंगाच्या एका नावाड्याला बोलावून घेतलं होतं. त्यांचंही काय चुकलं? पावसात आठ-आठ दिवस हाका मारून कुणाचं चालतंय? नवा नावाडी स्वतःची नाव घेऊन आला आणि घाट त्याचा झाला. दिवाळीला आमच्या खळ्यावर पोतं घेऊन आला तो हा नवा नावाडी. आबांनी त्याच्या पोत्यात बलुतं घातलं. मग एक पाटी वेगळी भरून बाजूला ठेवली आणि संध्याकाळी स्वतः डोक्यावर घेऊन आमच्या नावाड्याच्या झोपडीकडं गेले. पाटी तशीच भरलेली परत घेऊन आले. "घेत न्हाई," म्हणाले. "म्हंतो, मी यंदा तुमाला कुटं पैल न्हेलं?"

सप्टेंबरचा हप्ता वेळेवर आला. ऑक्टोबरचाही आला. मी स्वतःशी म्हणालो, बघा, शिस्त लावली की लागते. खरंच असं म्हणालो. मग एके दिवशी कंपनीच्या फाटकाशी सायकल लावताना आतल्या बाजूला नव्या इमारतीचं काम चालू होतं तिथं विटा वाहणारी माणसं ओळीनं चालली होती. त्या ओळीत तो होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर विटा. नावेत उभं राहताना पाय फाकवून रोवायची त्याची सवय होती, तसेच पाय तो जमिनीवर टाकत होता. त्यामुळंच मी त्याला मागून ओळखलं. कंत्राटदार त्यांना दर शनिवारी पैसे द्यायचा. त्यानं मला पाहिलं आणि विटा सावरत मान लववली. मी सायकलीची साखळी बघायला खाली वाकलो. साखळीला काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर मी फाटकातून आत जायचो ते मान खाली घालून. माझ्याच पंचक्रोशीतला माणूस, माझ्याच फाटकातून, भोंगा झाला की आत आणि भोंगा झाला की बाहेर. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात म्हणजे काय ते गावानं बघावं, असं मला वाटत होतं ना, ते मला बघायला मिळालं. नाव करंजाखाली बांधलेली असायची. तिनं एक पैसा कमावला नाही आणि तिचे पैसे दहा तारखेच्या आत येत राहिले. मी ते नको म्हणू शकलो असतो. दर महिन्याला मी ठरवायचो की या वेळी नको म्हणायचं, आणि तो आला की मला तोंड वर करून बोलायचा धीर व्हायचा नाही, आणि पैसे घेणं हे त्यातल्या त्यात सोपं असायचं. तो नोट ठेवायचा, मी उचलायचो. घड्याळ मी फेब्रुवारीत घेतलं. ते हातात बांधलं की नावाडी येताना मी मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढून घ्यायचो.

शेवटचा हप्ता वैशाखात आला. सकाळची वेळ होती. माझी त्या आठवड्यात दुपारची शिफ्ट होती, म्हणून मी ओट्यावर दात घासत बसलो होतो. तो कामावर जायच्या वाटेवर आला होता, खांद्यावर भाकरीचं फडकं. दहा रुपये दिले. मी आतून तो फाटका कागद आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट केला. वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा त्यानं ओळखला.

"म्हंजी आता नाव माजी?"

"तुमचीच," मी म्हणालो. त्याला तुम्ही म्हणण्याची ती पहिली वेळ. त्याच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही.

मग त्यानं भाकरीच्या फडक्याच्या बाजूला बांधलेली दुसरी छोटी गाठ सोडली. आत माझं पितळी कुलूप होतं. ऑगस्टपासून ते नावेच्या साखळीत लटकत राहिलं असेल असं मी धरून चाललो होतो, म्हणजे खरं तर त्याचा विचारच केला नव्हता. ते नऊ महिने त्यानं तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवलं होतं. खिट्टी सहज सरकत होती. आमच्या घरात ते इतकं चकचकीत कधीच नव्हतं.

"ह्ये तुमचं," तो म्हणाला. "कागदात नव्हतं."

मी कुलूप हातात घेतलं. मला बरंच काही बोलायचं होतं. शेळीचं बोलायचं होतं, वाळ्यांचं बोलायचं होतं, लष्करातल्या दुकानदाराचं सांगायचं होतं. पायावर डोकं ठेवावं असंसुद्धा एक क्षण वाटलं, आणि लगेच ओट्यावर आबा बसलेत हे आठवलं, शेजारचे बघतील हे आठवलं. तोंडात राखुंडी अजून तशीच होती. ती थुंकून मी एवढंच म्हणालो, "बसा ना. चहा टाकायला सांगतो."

त्यानं आभाळाकडं बघून ऊन किती वर आलंय त्याचा अंदाज घेतला. मग माझ्या मनगटाकडं पाहिलं. घाईत ते झाकायचं राहून गेलं होतं.

"किती वाजलं, मालक?"

मी वेळ सांगितली.

"मग न्हाई जमायचं," तो म्हणाला. "भोंगा व्हईल. अर्धा दिस कापत्यात."

आणि तो आकुर्डीच्या वाटेला लागला. करंजाखाली नाव होती, वल्ही नावेतच ठेवलेली होती. आबा उठून आत गेले. माझ्या शिफ्टला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी मी ते कुलूप हातात धरून तिथंच बसून राहिलो.